इतिवृत्त, दुसरा दिवस

विषयपत्रिकेत एवढंच होतं:
'सकाळी दहा ते अकरा, कलासत्र.'
मसाकाजवळच्या टेकडीवर, केळी संशोधन केंद्रात
इतिवृत्त लिहायचं काम माझं.
उपस्थिती, चर्चा, ठराव
असे तीन रकाने आखून मी बसले होते.

नान्टेझाबाईंनी आधी प्रोजेक्टरची वायर काढली.
"मी नाटकवाली," म्हणाल्या, "मला केळीतलं
फक्त खाणं कळतं.
तुम्ही ज्याचा अभ्यास करता
ते होऊन दाखवा."

कुणी घड्याळ पाहिलं, कुणी घसा साफ केला.
अर्थतज्ज्ञ ओडोंगकारा म्हणाले, "मी काय, महागाई होऊ?"
हसण्यात तीन मिनिटं गेली
(ती मी नोंदली आहेत).

मग डॉ. सेबुन्या उठले.
एका वाणामागे चौदा वर्षं घालवलेला माणूस.
हात वर केले, बोटं खाली सोडली
आणि खांद्यावर खरंच लोंगर आल्यासारखे
किंचित वाकले.
"मला करपा होत नाही," म्हणाले.
"अकरा फण्या लागतात मला."
थांबले.
"पण पानात बांधून वाफवलं
तर मी पिवळी होत नाही.
मऊही पडत नाही.
बायका मला बोटानं दाबून बघतात
आणि घरी पाहुणे असले
की दुसरी आणतात."

त्यांचे तेरा अहवाल मी टंकले आहेत.
त्यांत हेच वाक्य असं येतं:
'स्वीकारार्हता मध्यम.'

तेवढ्यात डॉ. क्योमुहेंडो
चपला काढून टेबलाखाली शिरल्या.
त्या सूत्रकृमींच्या. त्यांची प्रयोगशाळा मागच्या इमारतीत;
इथून तिकडे वाट नाही,
परसातून, टाकीला वळसा घालून जावं लागतं,
म्हणून कुणी जात नाही.
सरपटत आल्या, कोपरांवर,
आणि अवाक्षर न काढता
सेबुन्यांच्या बुटांच्या नाड्या
एकेक करून सोडू लागल्या.

"आता वारा," नान्टेझाबाई म्हणाल्या.
आम्ही सगळ्यांनी फुंकर घातली. मीसुद्धा.

ते पाऊल टाकायला गेले आणि पडले.
नाटकातलं पडणं नव्हतं ते.
चष्मा खुर्चीखाली गेला,
पेनं खिशातून घरंगळली,
आणि आमची फुंकर
ओठांतच राहिली.

पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली.
टेबलाच्या पायाशी दोन चेहरे,
मध्ये वीतभर गालिचा.
"तुम्हाला इथून काय दिसतं?"
चौदा वर्षांत त्यांनी त्यांना विचारलेला
हा पहिला प्रश्न.

"मुळं," त्या म्हणाल्या. "नुसती मुळं.
वर लोंगर कधी निसवतं
मला कळतही नाही.
मूळ पोकळ झालं की चव बदलते का,
हे कधीचं विचारायचं होतं.
कुणाला, ते माहीत नव्हतं."

"बदलते," दारातून आवाज आला.
तेओपिस्ता, हातात चहाचा ट्रे.
"पडलेल्या खुंटाचं केळ मला
सोलतानाच कळतं. चीक पातळ असतो.
वाफ कितीही द्या,
पोटात हट्ट धरून बसतं."
एकोणीस वर्षं ती इथे चहा देते.
पुढे म्हणाली, "बाकी तुमचं ते नवं वाण
निखाऱ्यावर भाजलं तर चांगलं लागतं.
वाफवायला कुणी सांगितलं?"

सेबुन्या उठून बसले, उठले नाहीत.
चहा सगळ्यांनी जमिनीवरच घेतला.
ओडोंगकारांनी कागदी रुमालावर चूल काढली,
ती मांजरासारखी दिसत होती,
आणि तिच्यावरून बरंच भांडण झालं,
चांगलं भांडण.

संध्याकाळी मी लिहायला घेतलं.
उपस्थिती: केळ एक, कृमी एक,
वारा सतरा जण,
आणि तेओपिस्ता.
चर्चा: पान अपुरं पडलं.
ठरावाच्या रकान्यात मात्र काही सुचेना.
शेवटी तिथे मी एक रेघ ओढली,
या इमारतीपासून मागच्या इमारतीपर्यंत,
टाकीला वळसा न घालता.

संचालकांनी वर-खाली पाहून विचारलं,
"हा आलेख कशाचा? अक्ष कुठे आहेत?"

त्यांची सही अजून व्हायची आहे.